पत्ते नव्हेत, घड्याळ!

कोकणात गणपतीच्या दिवसांत जागरणाला पत्त्यांचा डाव मांडला जातो. आरत्या झाल्या, भजनी मंडळी चहा घेऊन गेली, की पडवीत सतरंजी अंथरली जाते आणि पत्ते पिसले जातात. हा डाव कधी संपतो? कुणाला झोप अनावर झाली की, कोंबडा आरवला की, नाहीतर घरातलं वडीलधारं माणूस आतून खाकरलं की. डाव संपवण्याचा म्हणून काही नियम नसतो आणि त्याची कुणाला गरजही वाटत नाही. पण समजा, दोनशे अनोळखी माणसं एका सभागृहात खेळायला बसली आहेत, प्रत्येकाने सारखीच प्रवेश फी भरली आहे आणि रात्री बारा वाजता सभागृह रिकामं करून द्यायचं आहे. अशा वेळी दोनशे जणांतून एकच विजेता, ठरल्या वेळेत आणि कुणावर अन्याय न होता, कसा काढायचा? पोकर नावाच्या पत्त्यांच्या खेळाने या प्रश्नाचं एक उत्तर शोधलं आहे. आज त्या उत्तराविषयी बोलायचं आहे.

सुरुवातीलाच सांगून टाकतो. पैसे लावून खेळणं माझ्या धर्मात निषिद्ध आहे आणि मी ते कधी केलेलं नाही. शिवाय मी कला शाखेचा पदवीधर. आकड्यांशी माझा संबंध मात्रा मोजण्यापुरता. पण माझा एक भाचा काही वर्षं पणजीला पोकर स्पर्धांच्या व्यवस्थेत नोकरीला होता. सुटीत घरी आला की चिंचोके मांडून तो मला हे गणित समजावून सांगायचा. "मामू, पत्ते काय, कुणीही वाटील," तो म्हणायचा, "स्पर्धा चालते ती घड्याळावर." मला त्यात जुगारापेक्षा रचना दिसत गेली, आणि रचना हा तर कवीचा जुना नाद.

शेवटाची सोय नसलेला खेळ कसा होतो, याचं उदाहरण क्रिकेटमध्ये आहे. १९३९ साली दक्षिण आफ्रिका आणि इंग्लंड यांच्यात डर्बनला जो कसोटी सामना झाला, त्याला दिवसांची मर्यादाच नव्हती. निकाल लागेपर्यंत खेळायचं, असं ठरलं होतं. ३ मार्चला सुरू झालेला सामना १४ मार्चपर्यंत चालला. इंग्लंडला जिंकायला ६९६ धावा हव्या होत्या. पाच बाद ६५४ झाल्या आणि पाऊस आला. इंग्लंडच्या संघाला केपटाऊनहून बोट गाठायची होती. सामना तसाच सोडून मंडळी आगगाडीत बसली. ज्या सामन्याचा निकाल लागायलाच हवा होता, तोच अनिर्णित राहिला.

म्हणून शहाणे खेळ आपला शेवट आपल्याच नियमांत बांधून ठेवतात. रत्नागिरीकरांना कॅरम सांगायला नको. पंचवीस गुण किंवा आठ बोर्ड, यातलं जे आधी होईल तिथे गेम संपतो. राणीचे तीन गुण एकवीस गुणांपर्यंतच मिळतात. बावीस झाले की राणी घेऊनही जास्तीचे गुण नाहीत. म्हणजे वेळही आवरली आणि पुढे गेलेल्याला शेवटची मजल राणीच्या जोरावर मारता येणार नाही, अशी तजवीजही झाली. नियम एका ओळीचा, पण तो करणाऱ्याने खूप गेम पाहिलेले असणार.

पोकरला मात्र ही अक्कल जरा उशिरा सुचली. अमेरिकेत लास व्हेगासच्या 'बिनियन्स हॉर्सशू' या जुगारगृहात १९७० साली नामांकित खेळाडूंना बोलावून जी पहिली 'जागतिक मालिका' भरवली गेली, तिचा विजेता चक्क मतदानाने ठरला. बरेच दिवस खेळून झाल्यावर खेळाडूंनीच आपल्यातला सर्वांत चांगला कोण, ते मत देऊन सांगितलं. निवड झाली जॉनी मॉस या मुरलेल्या खेळाडूची. दुसऱ्या वर्षी, १९७१ मध्ये, पद्धत बदलली. प्रत्येकाने सारखी रक्कम भरायची, सारख्या चिप्स घ्यायच्या, चिप्स संपल्या की उठायचं आणि शेवटी ज्याच्यासमोर सगळ्या चिप्स गोळा होतील तो विजेता. गंमत म्हणजे तेव्हाही मॉसच जिंकला. आज जगभर पोकरच्या स्पर्धा याच पद्धतीने चालतात.

आता या पद्धतीतली अडचण पाहा. पोकरच्या प्रचलित प्रकारात प्रत्येकाला दोन पत्ते मिळतात आणि पाच पत्ते सगळ्यांसाठी मध्ये उघडे पडतात. दोन एक्के हातात येणं ही सर्वांत भारी सुरुवात. ती सरासरी २२१ डावांत एकदा येते. डावात उतरायला काहीच पडत नसेल, तर शहाणा माणूस काय करील? एक्के येईपर्यंत पत्ते टाकत बसेल. समोरचाही तेवढाच शहाणा. मग दोनशे शहाणे एकमेकांसमोर पत्ते टाकत बसतील आणि सभागृहाचा वॉचमन किल्ल्या वाजवत उभा राहील.

तीन पत्ती खेळणाऱ्यांना यावरचा उपाय ठाऊक आहे. डाव सुरू होण्यापूर्वी प्रत्येकजण मध्ये 'बूट' टाकतो. मध्ये काही तरी पडलेलं असतं, म्हणून भांडायला कारण असतं. पोकरमध्ये बुटाचं हे काम 'ब्लाइंड' करतात. शब्द आपल्या ओळखीचा असला तरी इथे अर्थ वेगळा आहे, घोटाळा होऊ देऊ नका. तीन पत्तीत पत्ते न बघता चाल करणारा 'ब्लाइंड' खेळतो आणि ते त्याच्या मर्जीवर असतं. पोकरमध्ये ब्लाइंड ही सक्ती आहे. टेबलावर एक गोल बिल्ला डावागणिक एकेक जागा पुढे सरकतो. बिल्ल्याच्या पुढच्या दोघांनी पत्ते हातात येण्याआधी ठरलेली रक्कम मध्ये ठेवायची. पहिल्याने लहान, दुसऱ्याने मोठी; लहान ही सहसा मोठीच्या निम्मी. दहाजणांच्या टेबलावर दहा डावांत ही पाळी प्रत्येकावर एकदा मोठ्या आणि एकदा लहान ब्लाइंडच्या रूपाने येते. स्पर्धा पुढे सरकली की त्यावर तीन पत्तीसारखा बूटही चढवतात.

पण नुसत्या ब्लाइंडने डाव संपत नाही, हलता राहतो इतकंच. संपवण्यासाठी ब्लाइंड वाढवत न्यावे लागतात. ठरावीक मिनिटं झाली की घंटी होते आणि रक्कम चढते. या प्रत्येक टप्प्याला खेळाडू 'लेव्हल' म्हणतात. आपण पायरी म्हणू. पायरी किती मिनिटांची, आणि दर पायरीला रक्कम किती चढणार, याचा तक्ता स्पर्धेपूर्वीच करून ठेवलेला असतो. सारी मेख या तक्त्यात आहे.

ज्यांचं निवृत्तिवेतन ठरलेलं आहे, त्यांना हे चटकन कळेल. वाढता ब्लाइंड म्हणजे महागाई. तुम्ही काही उधळपट्टी करू नका, चूक करू नका, नुसते बसून राहा. तरी पुंजी दर महिन्याला आतून लहान होत जाते. मिरकरवाड्याचे ट्रॉलरवाले हेच दुसऱ्या शब्दांत सांगतील. बोट समुद्रात गेली की मासळी मिळो न मिळो, डिझेल आणि बर्फ आपापल्या गतीने संपत असतात. जाळं कधी टाकायचं याचा निर्णय तांडेलाचा. पण तो निर्णय किती काळ लांबवता येईल, हे टाकीतल्या डिझेलने ठरवलेलं असतं.

पोकरवाल्यांनी या डिझेलचं माप काढलं आहे. आपल्या समोरच्या चिप्सना दोन्ही ब्लाइंडच्या बेरजेने भागायचं. समजा, माझ्याकडे ६,००० चिप्स आहेत आणि ब्लाइंड २०० व ४०० आहेत. एका फेरीचा खर्च ६००. म्हणजे काही न खेळता मी दहा फेऱ्या जगू शकतो. पॉल मॅग्रिएल या खेळाडूच्या नावावर हे माप आहे आणि डॅन हॅरिंग्टनच्या पुस्तकांनी ते घरोघरी पोचवलं. वीसच्या वर असाल तर निवांत खेळा, दहाच्या खाली आलात तर हालचाल करा, पाचाच्या खाली गेलात तर चांगल्या पत्त्यांची वाट पाहण्याची चैन संपली, असा त्याचा ढोबळ अर्थ.

आता आपणच एक तक्ता करून पाहू. वीस खेळाडू, दोन टेबलं, प्रत्येकाला ५,००० चिप्स. म्हणजे एकूण एक लाख चिप्स. पुढे लक्षात ठेवायची गोष्ट अशी, की कितीही खेळाडू बाद झाले तरी हा एक लाख कमी होत नाही. तो उरलेल्यांकडे सरकतो. सुरुवातीचा मोठा ब्लाइंड ५० ठेवला तर प्रत्येकाजवळ शंभर ब्लाइंड आहेत. सुरुवात ऐसपैस झाली. आता शेवट. अनुभव असा आहे, की एकूण चिप्स मोठ्या ब्लाइंडच्या साधारण वीसपट उरल्या की खेळ फार लांबत नाही. एक लाखाला वीसने भागलं की ५,०००. म्हणजे ५० वरून निघून ५,००० ला पोचायचं आहे, शंभरपट. वेळ चार तास आहे आणि पायरी वीस मिनिटांची, तर बारा पायऱ्या मिळतात आणि मधल्या चढणी अकरा. अकरा सारख्या चढणींत शंभरपट व्हायचं, तर दर चढण सुमारे दीडपट हवी.

तक्ता असा होईल: ५०, १००, १५०, २००, ३००, ४००, ६००, १,०००, १,६००, २,०००, ३,०००, ५,०००. पहिलीच चढण दुप्पट आहे, पण तेव्हा सगळ्यांकडे भरपूर चिप्स असल्यामुळे ती कुणाला बोचत नाही. आणि १,००० नंतर १,५०० न येता १,६०० का? त्याचं कारण गमतीचं आहे. १,५०० च्या निम्मे ७५०. चिप्स असतात २५, १००, ५०० अशा किमतींच्या, वेगवेगळ्या रंगांच्या. तोवर २५ च्या चिप्स निरुपयोगी म्हणून टेबलावरून गोळा केलेल्या असतात. मग ७५० देणार कसे? १,६०० चे निम्मे ८००, ते शंभराच्या आठ चिप्सनी भागतात. तक्ता करणाऱ्याला घातांकाबरोबर सुट्या पैशांचाही विचार करावा लागतो.

घाईचा संयोजक काय करतो? दर पायरीला दुप्पट. ५०, १००, २००, ४०० असं गेलं की आठव्या पायरीलाच ६,४०० येतात. चार तासांचा खेळ दोन तास चाळीस मिनिटांत आटोपतो. कागदावर हा फरक किरकोळ वाटतो. पण मघाचा माझा ६,००० चिप्सचा ढीग आठवा. २०० व ४०० वर तो दहा फेऱ्यांचा होता. दीडपट चढण झाली तर तो पावणेसात फेऱ्यांच्या आसपास येतो. दुप्पट झाली तर एका घंटीसरशी पाचावर. काही न करता अर्धं आयुष्य गेलं.

आणि 'दहा फेऱ्या' हेही मृगजळच आहे. वाटणारा माणूस समोर बसून पत्ते वाटतो तेव्हा तासाला साधारण तीस डाव होतात. वीस मिनिटांत दहा डाव. दहाजणांच्या टेबलावर तेवढ्यात एकच फेरी पुरी होते आणि लगेच पायरी चढते. आपल्याच तक्त्याने हिशेब करा. ६,००० मधून पहिल्या फेरीचे ६०० गेले, दुसऱ्या फेरीचे ९००, तिसरीचे १,५००, चौथीचे २,४००. उरले ६००. पाचव्या फेरीचा खर्च ३,०००. म्हणजे दहाच्या जागी प्रत्यक्षात चारच फेऱ्या, ऐंशी मिनिटं. त्यात माणसं बाद होऊन टेबल लहान झालं की पाळी आणखी लवकर येते.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. पोकर हा कौशल्याचा खेळ की नशिबाचा? आपल्याकडे या प्रश्नावर वकिलांनी खूप युक्तिवाद केले आहेत. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ म्हटलं. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये पोकरला तो मान नाकारला. माझं म्हणणं एवढंच आहे, की पत्त्यांकडे बघून या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही. तक्ता बघावा लागतो.

कारण कौशल्याला जागा लागते. चार तासांच्या आपल्या स्पर्धेत शेवटपर्यंत टिकलेल्यालाही जेमतेम एकशेवीस डाव मिळतात. हातात कुठलीही जोडी येण्याची सरासरी सतरा डावांत एकदा. म्हणजे एकशेवीस डावांत सात जोड्या. एक्क्यांची जोडी दोन स्पर्धांत मिळून एकदा. एवढ्याशा सामग्रीवर जो तग धरतो त्याला समोरच्याची नजर वाचावी लागते, कधी दबावं लागतं, कधी थाप मारावी लागते. हे कौशल्य खरं आहे. पण त्यासाठी चिप्स खोल हव्यात. दोनदा हरूनही तिसऱ्यांदा बसता आलं पाहिजे. ब्लाइंड भराभर चढले की सगळ्यांचे ढीग उथळ होतात आणि उरतो एकच निर्णय: सगळं लावायचं की पत्ते टाकायचे. सगळं लावल्यावर पुढे काही करायचं नसतं, पत्ते पडताना पाहायचं असतं. एक्क्यांची जोडी राजांच्या जोडीविरुद्ध पाचांतून चारदा जिंकते. पण असे तीन प्रसंग ओळीने आले, तर तिन्ही जिंकण्याची शक्यता निम्म्यावर येते. म्हणजे उत्तम पत्ते घेऊन, बिनचूक खेळून, नाणेफेक.

लास व्हेगासच्या त्याच मालिकेची मुख्य स्पर्धा आता कशी असते पाहा. सुरुवातीला ६०,००० चिप्स आणि ब्लाइंड १०० व २००, म्हणजे तीनशे ब्लाइंडची पुंजी. एक पायरी दोन तासांची. २०२४ मध्ये तिथे १०,११२ प्रवेश नोंदले गेले आणि स्पर्धा दोन आठवड्यांच्या आसपास चालली. एवढ्या गर्दीत पहिला येणं हा नशिबाचाच भाग, पण निदान खेळणाऱ्याला खेळायला वाव मिळतो. दुसऱ्या टोकाला मोबाइलवरच्या झटपट स्पर्धा. तिथे तीन-तीन मिनिटांच्या पायऱ्या. एका पायरीत तीन-चार डाव. दोन्हीचं नाव पोकरच.

हा फरक गणितापुरता असता तर मी आपला वेळ घेतला नसता. टाळेबंदीच्या काळात आमच्या मोहल्ल्यातली आणि शेजारच्या वाडीतली मुलं मोबाइलवर पोकर खेळायला लागली. हा कौशल्याचा खेळ आहे, अभ्यास करा आणि जिंका, असं त्यांना जाहिरातींतून सांगितलं जात होतं. त्यांतल्या एकाने मोटरसायकल विकली तेव्हा मी त्याला विचारलं, काय झालं? तो म्हणाला, "चाचा, मी चुकीचं काहीच खेळलो नव्हतो." त्याने मला डाव सांगितले. भाच्याच्या शिकवणीवर मला जेवढं कळत होतं, त्यावरून त्याचं म्हणणं खरं होतं. मग मी त्याला स्पर्धेचा तक्ता दाखवायला सांगितला. पायरी तीन मिनिटांची होती. त्याचं कौशल्य खरं होतं, पण ते वापरायला त्याला जागाच ठेवलेली नव्हती. आणि ती का नव्हती, हेही उघड आहे. भरवणाऱ्याचा वाटा प्रत्येक प्रवेश फीतून निघतो. दिवसभर एक लांब स्पर्धा चालवण्यापेक्षा वीस आखूड स्पर्धा चालवल्या तर तो वाटा वीसदा निघतो. तक्ता करणारा खेळत नसतो. म्हणूनच तो हरत नाही.

कायद्याची स्थिती थोडक्यात सांगतो. महाराष्ट्रात जुगारबंदीचा कायदा १८८७ पासून आहे. कॅसिनोंना परवानगी देणारा एक कायदा १९७६ साली विधिमंडळाने केला होता. तो कधी अमलातच आला नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला. गोव्यात १९७६ च्या जुगार कायद्यात १९९२ आणि १९९६ साली दुरुस्त्या होऊन आधी पंचतारांकित हॉटेलांतल्या यंत्रांना आणि मग जहाजांवरच्या खेळांना वाट मिळाली. मांडवीच्या पात्रात दिवे लागलेली जहाजं दिसतात ती त्यामुळे. मोबाइलवरच्या खेळांबाबत संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा केला आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना, मग ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, सरसकट मनाई केली. त्या मुलाच्या दृष्टीने तो उशिरा आला.

मनाई झाली म्हणून गणित समजून घेणं वाया जात नाही. झटपट निकालाचे तक्ते पत्त्यांपुरते नसतात. कुठल्याही स्पर्धेत, परीक्षेत, कर्जाच्या हप्त्यांच्या योजनेत पुढे केलेल्या बक्षिसाकडे पाहण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात. सुरुवातीला माझ्या हातात किती फेऱ्यांचं बळ आहे? घंटी किती वेळाने वाजणार? आणि दर घंटीला खर्च कितीने चढणार? ही तीन उत्तरं मागितली तर प्रामाणिक संयोजक तक्ता पुढे ठेवतो. जो कुरकुर करतो, त्याच्या टेबलावर बसू नये. मग हातात कितीही चांगले पत्ते येवोत.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)